कोवळा धूर

माझ्या मावशीचं लग्न माणसाशी नाही, धुराशी झालं होतं, असं माझी आई म्हणायची. आणि वर जोडायची, "तेही लॉन्ड्रीवालीचं!"

मावशी बेटावर राहायची. धक्क्यावरून वर चढणाऱ्या रस्त्याला तिची लॉन्ड्री होती. रस्त्याच्या बाजूला काउंटर, मागे धुण्याची खोली, वर दोन खोल्यांचं घर. धुण्याच्या खोलीत सतत वाफ भरलेली असायची. एका कोपऱ्यात तांब्याचा मोठा हंडा, त्याच्या शेजारी कपडे पिळायचे लाकडी रूळ, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्यांवर चादरीच चादरी. सुट्टीत गेले की मी त्या चादरींमधून पळायचे आणि मावशी ओरडायची, "अगं ए भवाने, हात धुतलेस का?"

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, टेकडीमागच्या व्हिस्कीच्या कारखान्यात भट्टीवर होते. तिथे जव भिजवून त्यांना मोड आणायचे, मग ते भट्टीच्या वरच्या जाळीवर पसरून खालच्या धुरावर वाळवायचे. जळण म्हणून पीट. पीट म्हणजे बेटाच्या मधल्या दलदलीतली, युगानुयुगं दबून राहिलेल्या गवताची काळी माती. तिच्या विटेसारख्या वड्या कापून वाऱ्यावर सुकवल्या की त्या जळायच्या. जाळ कमी आणि धूर फार. तो धूर जवात मुरायचा, जवातून दारूत उतरायचा, आणि त्याआधी आमच्या काकांच्या अंगात भरायचा. केसांत, मिशीत, नखांत. सगळ्यात जास्त त्यांच्या जाड लोकरी कोटात. गावानं त्यांचं नावच पाडलं होतं, 'धुरंधर'.

संध्याकाळी धुरंधर घरी आले की मागच्या दाराशी रोजचं नाटक व्हायचं.

"कोट बाहेर! आत आणलात तर याद राखा. पांढऱ्या चादरी वाळतायत."

"अगं, लांबलांबची माणसं हा वास विकत घेऊन पितात. तुला घरबसल्या मिळतोय."

"मला नको. आणा तो इकडे, एकदा सोड्यात उकळते."

"हात लावायचा नाही. हा कोट धुतलास तर भट्टी मला ओळखायची नाही."

मग कोट मागच्या दाराबाहेरच्या खुंटीवर जायचा, काका हातपाय धुऊन आत यायचे, आणि तरी वास यायचाच. जळक्या मातीचा, समुद्रावरच्या शेवाळाचा, थोडासा दवाखान्यातल्या औषधासारखा. मावशी नाकाला पदर लावल्यासारखा हात लावायची आणि त्यांच्यासमोर ताट ठेवायची. साऱ्या गावाचे डाग काढणारी बाई, पण घरचा माणूस काही तिच्याच्यानं स्वच्छ झाला नाही. यावरून गावात कोण कोण तिला चिडवायचं. ती वैतागायची. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी कारखाना बंद पडला. बेटावरचे लोक समुद्रापलीकडच्या भूमीला नुसतं 'पलीकडे' म्हणतात. तर मालकांनी सगळं पलीकडच्या मोठ्या कारखान्यातच करायचं ठरवलं. भट्टी विझली. काकांनी कोट घराच्या आत आणून दारामागे टांगला आणि म्हणाले, "पेटली की घालीन. तोवर असू दे तसाच."

ते लॉन्ड्रीत मावशीला मदत करू लागले. चादरीची दोन टोकं ती धरायची, दोन ते धरायचे, आणि पुढे येत, मागे जात घड्या घालायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते दोघं नाचतायत असं वाटलं होतं. त्याच सुट्टीत मावशी माझ्या आईला म्हणाली, "हे आता साबणाचा वास मारतात गं."

"मग बरंच की! तुला तेच हवं होतं ना?"

"हो. बरंच," मावशी म्हणाली आणि उठून हंड्यातलं पाणी बघायला गेली.

पुढच्या थंडीत काकांच्या छातीत सर्दी साचली. तिचा न्यूमोनिया झाला आणि बोट वादळानं अडकली असताना ते गेले. ते गेल्यावर आठवड्याभरात मावशीनं दुकान उघडलं. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. ती होतीच. पण एकदा दुपारी मी दोरा आणायला वरच्या खोलीत गेले, तर मावशी पत्र्याच्या ट्रंकेसमोर जमिनीवर बसलेली. काकांचा कोट मांडीवर, आणि तोंड त्याच्या कॉलरमध्ये. मला पाहून तिनं झटकन मान वर केली.

"कसर लागलीय का बघत होते."

मी दोरा घेतला आणि खाली आले. ते मी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

काही वर्षांनी दादाचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं लग्न झालं. दादा बोटीवर कामाला होता आणि वहिनी पलीकडचीच. आल्या आल्या ती लॉन्ड्रीत उभी राहिली. हाताला चपळ, डोक्यानं त्याहून चपळ. शाईचा डाग कशानं जातो, रक्ताचा कशानं, लोकर पिळायची का नाही, हे मावशीनं एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. मावशी खूश. "मला सून नाही मिळाली," ती म्हणायची, "तिसरा हात मिळाला."

आणि या तिसऱ्या हातानंच घात केला.

झालं असं की थंडीच्या तोंडावर वहिनीनं घरातले सगळे गरम कपडे बाहेर काढले. मावशी त्या दिवशी पलीकडे डॉक्टरकडे गेलेली. वहिनीला ट्रंकेत काकांचा कोट सापडला. कसर खरंच लागली होती. तिला वाटलं, सासऱ्यांची आठवण आहे, अशीच खाऊन जाईल. सासूबाई येईपर्यंत नवा करून ठेवू. तिनं तो मावशीनंच शिकवला होता तसा धुतला. आधी थंड पाण्यात, मग कोमट सोड्यात, न पिळता सपाट पसरून. वास जाईना म्हणून पुन्हा धुतला. कोपराला भोक होतं तिथे आतून ठिगळ लावलं, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली आणि हँगरला अडकवून ठेवला.

संध्याकाळच्या बोटीनं मावशी आली. कोट पाहून दारातच थांबली. मग जवळ गेली, कॉलर हातात घेतली, नाकाशी नेली. वहिनी शेजारी उभी, शाबासकीची वाट बघत.

"कोपर छान शिवलंस," मावशी म्हणाली.

एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं तो कोट बोटीवरच्या म्हाताऱ्या कप्तानाला देऊन टाकला.

पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा वहिनीनं मला चादरींच्या आड गाठलं. "ताई, आईंना काय झालंय? बोलतात, हसतात, सगळं करतात. पण पूर्वीसारखं नाही. माझं काय चुकलं?"

मला ट्रंकेची दुपार आठवली. मी तिला सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा धुतल्या चादरीसारखा झाला.

"मग बोल ना तिच्याशी," मी म्हटलं.

"काय बोलू? वास परत आणून देऊ?"

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या दोघी एका छताखाली राहिल्या, एका हंड्यावर राबल्या. एकदाही भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. सासू-सुनेत भांडण असलं की निदान काहीतरी शिजत असतं. इथे सगळं कसं कडक इस्त्रीचं. "आई, चहा ठेवू?" "ठेव." "साखर?" "घाल." दादा बिचारा दोघींच्या मधे बोटीसारखा येरझाऱ्या घालायचा आणि आपण नक्की कुठे लागायचं हे त्याला कळायचं नाही.

घरोघरी धुण्याची यंत्रं आली. मावशीचे खांदे दुखू लागले. एक दिवस तिनं लॉन्ड्रीची पाटी उतरवली. दोऱ्या मात्र तशाच राहिल्या, रिकाम्या.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कारखाना नव्या लोकांनी विकत घेतला. गाव नुसतं उधाणलं. आता पुन्हा चिमणीतून धूर निघणार, म्हणून म्हातारे टेकडीवर जाऊन उभे राहायला लागले. पण धूर काही निघेना. शेवटी नव्या मॅनेजरनं गावाला बोलावून समजावलं. भट्टी आता पेटवायची नाही, ते परवडत नाही. आपल्याच दलदलीतला पीट बोटीनं पलीकडे जाईल, तिथे त्याच्या धुरावर जव वाळतील आणि पोत्यांतून इकडे येतील. दारू इथेच गाळायची, पिंपात इथेच मुरायची.

मावशीला दादानं हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पोरगी माहेरची, पण वळण सासरचं." त्यापुढे तिनं कारखान्याचा विषय काढला नाही.

वहिनीला मात्र तिथे काम मिळालं. चाखायच्या खोलीत. चाखायचं काम तिचं नव्हे, ते करणारे दुसरे. वहिनीकडे पेले. ट्युलिपच्या कळीसारखे, खाली फुगीर आणि वर निमुळते, हातात मावतील एवढे. ते धुणं, पुसणं, उजेडासमोर धरून बघणं. हात त्यात मुरलेलेच होते.

तीन वर्षं पिंपात राहिल्याशिवाय या दारूला व्हिस्की म्हणायचं नाही, असा तिथला दंडक होता. ती तीन वर्षं भरली आणि पहिली पिंपं फोडायच्या दिवशी कारखान्यानं साऱ्या गावाला दुपारी जुन्या भट्टीघरात बोलावलं. मी मुद्दाम बोटीनं गेले. मावशी मात्र हलायला तयार नाही.

"जन्मभर त्या वासाशी भांडले. आता काय सत्काराला जाऊ त्याच्या?"

भट्टीघर चुना लावून पांढरंफेक केलेलं. मॅनेजरनं चार शब्द सांगितले. ही अजून कोवळी आहे, म्हणाला, अल्लड आहे. वर्षं जातील तशी गोड होईल, शहाणी होईल, आणि धूर हळूहळू मागे सरेल. पण आज तिचा धूर जसा आहे तसा पुन्हा कधी नसेल.

मी वहिनीकडे पाहिलं. ती मान खाली घालून पेले मांडत होती, पण ऐकत होती.

कामावरच्या प्रत्येकाला एकेक लहान बाटली मिळाली. वहिनीनं ती घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. सूर्य अजून मावळला नव्हता. दादा, मी, वहिनी, आणि खिडकीशी आपल्या खुर्चीत मावशी. वहिनीनं चार पेले आणले होते. चौथा पाहून मावशीच्या कपाळाला आठी पडली.

"मला कशाला? मी कधी थेंब घेतलेला नाही."

"नुसता वास घ्या, आई."

रंग अगदी फिकट, वाळल्या गवतासारखा. मी पेला नाकाशी नेला. आधी नुसता दारूचा झणका, डोळ्यांत पाणी आणणारा. मग कच्च्या नासपतीसारखं काहीतरी हिरवट. आणि मग त्याच्या मागून, दार लोटून आत यावा तसा धूर. जळकी माती, शेवाळ, औषध. मी एकदम लहान झाले. मागच्या दाराबाहेरची खुंटी, ओल्या चादरी, हात धुतलेस का भवाने! घोट घेतला तर जिभेवर मीठ आणि मिरी एकदम, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ घशात राख विझत राहिल्यासारखी ऊब. दादानं डोळे मिटले होते. "बाबा," तो हळूच म्हणाला.

आम्ही तिघांनी मावशीकडे पाहिलं. तिनं पेल्यात नाक घातलं आणि झटक्यानं मागे झाली.

"रॉकेल आहे नुसतं!"

दादानं दोन थेंब पाणी घातलं. तिनं ओठ बुडवले, तोंड वेडंवाकडं केलं. "जीभ भाजली माझी. हे पितात लोक? हे प्यायला पलीकडून येतात?" आणि पेला टेबलावर ठेवून दिला.

वहिनीनं बाटलीला बूच लावलं, आमचे पेले धुऊन पुसून ठेवले. मावशीच्या पेल्यात उरलेलं तिनं सिंकमध्ये ओतलं आणि पेला तसाच, न धुता, खुर्चीशेजारच्या तिवईवर ठेवला. राहिला असेल म्हणून मी उचलायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"तो असू दे, ताई."

सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. मावशी आली, खुर्चीत बसली आणि तिला तो पेला दिसला.

"हा काल असाच ठेवलास? लॉन्ड्रीवालीच्या घरात उष्टं भांडं रात्रभर?"

"राहिला, आई," वहिनी म्हणाली. तिची पाठ आमच्याकडे होती.

मावशीनं तो उचलला. सिंककडे निघाली. सवयीनं, डाग कसला आहे हे बघायला कपडा नाकाशी न्यायची तसा तिनं तो नाकाशी नेला. आणि जागच्या जागी थांबली.

दारू उडून गेली होती. झणका गेला होता, नासपती गेली होती. पेल्याच्या तळाशी वाळलेला, डोळ्यांना न दिसणारा, नुसता धूर उरला होता. नंतर मीही घेतला तो वास. कुणीतरी कामावरून येऊन मागच्या दाराशी उभं राहावं, इतका तो खरा होता.

मावशी तशीच उभी राहिली. मग बसली. पेल्याच्या तोंडावर तळहात ठेवला, वास उडून जाईल अशा भीतीनं.

"तुला कसं कळलं?" तिनं विचारलं.

वहिनी वळली. "रोज सकाळी तिथले पेले मीच धुते ना. आदल्या दिवशीचे. ओले असताना काही नसतं. वाळले की..." तिनं पेल्याकडे बोट केलं. "पहिल्याच दिवशी मला तो कोट आठवला. दोनदा धुतला होता मी तो, आई. वास जाईना म्हणून."

"माहीत आहे मला. चांगला धुतला होतास."

"तुम्ही ओरडायचं होतंत माझ्यावर!"

"कोणत्या तोंडानं ओरडू?" मावशी म्हणाली. "अख्ख्या बेटाला स्वच्छता शिकवणारी बाई मी. नवऱ्याला जन्मभर हिडीसफिडीस केलं त्या वासावरून. आणि तो गेल्यावर त्याचा मळका कोट ट्रंकेत जपून ठेवलाय, हे सुनेला सांगू? लाज वाटली गं मला. आणि एकदा गिळलं ते गिळलंच. पुढे पुढे तर मलाच कळेना, मी तुझ्यावर रागावलेय की माझ्यावर."

वहिनी तिच्या पायाशी बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण दुसऱ्या हाताचा तळवा काही पेल्यावरून काढला नाही. मी तेवढ्यात मागच्या दारानं बाहेर पडले. मला तिथे काही काम नव्हतं.

त्यानंतर मावशी बरीच वर्षं जगली. रोज दुपारी वहिनी कामावरून आली की पेल्यात बोटभर ओतायची. वहिनी त्यातली घोटभर घ्यायची, मावशी नुसती हुंगायची, आणि उरलेली ओतून टाकून पेला तसाच, न धुता, सकाळपर्यंत वाळायला ठेवायच्या. पुढे कारखान्याची आठ वर्षांची आली, मग दहा वर्षांची. बक्षिसं मिळाली, पलीकडचे लोक वाहवा करत आले. वहिनीनं हौसेनं दहा वर्षांची आणली, तर मावशीनं पेला परत केला. "फार शहाणी झालीय ही. हिच्यात ते नाहीत. मला आपली ती अल्लडच बरी." कोवळी मिळेनाशी होणार म्हटल्यावर वहिनीनं तिच्या बाटल्या साठवून ठेवल्या होत्या, त्या पुरल्या.

मुख्य म्हणजे मावशी बोलायला लागली. काकांबद्दल ती कधी चकार शब्द काढायची नाही, ती आता थांबायचीच नाही. एका दुपारी मी तिथे असताना वहिनीनं तिला विचारलं, "आई, एवढा वासाचा तिटकारा, मग लग्न कसं केलंत?"

मावशी हसली. तिला तसं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "मी पलीकडच्या लॉन्ड्रीत कामाला होते. इथल्या लॉजच्या चादरी तिकडे यायच्या धुवायला. एकदा बोटीनं पाठवायला कुणी माणूस नव्हता म्हणून गाठोडं घेऊन मीच आले. धक्क्यावर उतरले तर हा एवढा चढ. एक उंच माणूस पुढे आला, मला द्या म्हणाला. मी दिलं. त्यानं खांद्यावर टाकलं आणि लॉजपर्यंत पोचवलं. तिथे गाठोडं उघडलं तर काय, सगळ्या चादरींना धुराचा भपका! लॉजवाली माझ्या अंगावर आली. मी त्याच्या अंगावर गेले. त्याला म्हटलं, मेल्या, तुला आग लागलीय का?"

"मेल्या म्हणालात? बाबांना?"

"तेव्हा कुठे कुणाचे बाबा होते ते! मुकाट्यानं पाणी आणून दिलं त्यांनी मला. चूल पेटवून दिली. सगळ्या चादरी मी पुन्हा धुतल्या, लॉजच्या अंगणात. आणि वाळत घातल्या, तर हे मदत करायला आले आणि एकेक चादर हातात घेऊन दोरीवर टाकायला लागले."

वहिनीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे पुन्हा?"

"पुन्हा," मावशी म्हणाली. "ती बोट गेली, तिच्या पुढची गेली. चादरी काही स्वच्छ होईनात."

वहिनीला हसू आवरेना. ती टेबलावर डोकं टेकून हसत होती आणि मावशी तिच्या पाठीवर थापट्या मारत होती. तेवढ्यात दादा बोटीवरून आला. "काय झालं? कशाला हसताय?" त्यानं विचारलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"काही नाही रे," मावशी म्हणाली. "बायकांचं आहे. तू आधी हात धू."